तांबं धरणारं गंधक: पितळेच्या पातेल्यापासून जांभळ्या स्फटिकापर्यंत

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. ताकाला हिरवट झाक येते, चव उतरते आणि चुकून घोट घेतलाच तर जिभेवरचा कडवटपणा बराच वेळ जात नाही. आजी ते ताक ओतून देते आणि ज्याने ठेवलं त्याला दोन शब्द सुनावते. घडलेलं असतं एवढंच, की ताकातल्या लॅक्टिक आम्लाने हवेतला ऑक्सिजन हाताशी धरून पितळेतलं थोडं तांबं विरघळवलेलं असतं. नुसतं सौम्य आम्ल तांब्याला काही करू शकत नाही, ऑक्सिजन लागतोच. म्हणून भांड्यात ताकाची पातळी जिथे असते, त्या रेषेवर हिरवा काट सगळ्यात आधी धरतो.

दुधाचं तसं नाही. दूध ताकाइतकं आंबट नसतं, त्यामुळे ते चुगली करत नाही. पण दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, धरून ठेवतं. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात दूध तापवलं आणि त्यातच ठेवलं, की तांबं गुपचूप दुधात उतरत राहतं. रंग तोच, साय तशीच. मोठ्या माणसाचं यकृत हे जादाचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. आठ-दहा महिन्यांच्या बाळाचं यकृत मात्र त्या कामात अजून तयार झालेलं नसतं.

गंधक आणि कार्बोक्झिलिक आम्ल (एका कार्बनवर दोन ऑक्सिजन असलेला आम्लाचा गट) असे दोन्ही गट एकाच रेणूत असले तर तो रेणू धातूला कसा धरतो, हा या लेखाचा विषय. तो प्रयोगशाळेतून सुरू करता आला असता, पण पुण्यात बसून लिहिताना स्वयंपाकघरातून सुरू करणं जास्त खरं आहे. या विषयातला एक महत्त्वाचा रेणू इथल्या लहान मुलांच्या यकृतांसाठी वापरला गेला आणि पितळेच्या पातेल्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

आधी कल्हई. कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासूनची. तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याच्या पत्र्यावर उठवलेली ठिपक्यांची नक्षी, आता पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तूंवर दिसते. पूर्वी तेच घंगाळ, तीच कळशी घरोघरी रोजच्या वापरात होती. आणि दारावर कल्हईवाला यायचा. भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर तो पातेलं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि नाकात झणका जायचा. मग कथलाची कांडी तापल्या तळाला टेकवली की ती पाण्यासारखी वितळायची. कापसाचा बोळा गरागरा फिरला की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं पांढरं व्हायचं. शेवटी पाण्यात चर्र.

त्या धुरातही रसायनशास्त्र होतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. दुसरा वायू तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा थर खाऊन पृष्ठभाग चकचकीत करतो आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारं कथील त्या स्वच्छ तांब्याला चिकटून बसतं. हा पातळ थर शाबूत असेपर्यंत दूध आणि तांबं यांची गाठ पडत नाही. थर झिजला, कल्हईवाला यायचा बंद झाला किंवा कल्हईचे पैसे वाचवायचे ठरले, की पडते.

विसाव्या शतकात भारतातल्या लहान मुलांत यकृताचा एक भयंकर आजार दिसायचा. वैद्यकीय पुस्तकांत त्याचं नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’. सहा महिने ते तीन वर्षं वयाचं मूल, फुगलेलं पोट, बोटांना लागणारी यकृताची कडक धार, मग कावीळ आणि बहुतेकदा मृत्यू. काही घरांत एकामागून एक भावंडं त्यात गेली. लोक नशिबाला बोल लावत. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या खाण्यापिण्याचा माग काढला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यांचं म्हणणं असं, की तांबं उतरलेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू करणं हे या आजाराचं कारण असू शकतं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांत ते हजाराच्या घरात किंवा त्याहूनही वर जायचं.

सगळ्यांनी हे लगेच मान्य केलं असं नाही. शेजारच्या घरातही तेच पातेलं, तेच दूध आणि तिथलं मूल मात्र ठणठणीत, हे कसं? काही मुलांत जन्मजात कमजोरीही असावी, असं बऱ्याच जणांचं मत आहे आणि मला ते पटतं. पण तांब्याला दोषमुक्त करणं अवघड आहे. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात अगदी असाच आजार १९०० ते १९७४ या काळात होता. तिथे गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत उकळत. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. आपल्याकडेही स्टीलने पितळेला माळ्यावर पाठवलं, बाळाला वरचं दूध पितळी भांड्यातून देऊ नका असं डॉक्टर सांगू लागले आणि हा आजार आता विरळा झाला आहे.

ज्या मुलांच्या यकृतात तांबं आधीच साचलं होतं त्यांच्यासाठी पुण्यातल्या याच मंडळींनी एक औषध वापरून पाहिलं: पेनिसिलामाइन. त्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार हाताबाहेर जाण्याआधी औषध सुरू झालं तर मूल वाचण्याची आशा होती. उशीर झाला तर फारसा उपयोग होत नव्हता. ज्या आजारात आधी हातात काहीच नव्हतं, तिथे हे थोडं नव्हे.

पेनिसिलामाइन आलं पेनिसिलिनमधून. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच पेनिसिलिनसाठी. पिंपरीकर त्या सगळ्या परिसराला अजून ‘एचए’ म्हणतात. पेनिसिलिनच्या रेणूत दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांतल्या एका कड्यात गंधकाचा अणू असतो. रेणू पाण्याशी अभिक्रिया होऊन फुटला, की गंधकवाला तुकडा सुटा होतो. तेच पेनिसिलामाइन. जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरला १९५० च्या दशकात, पेनिसिलिन घेणाऱ्या यकृताच्या रुग्णांच्या लघवीत हा तुकडा सापडला होता. पुढे बोस्टनमध्ये विल्सन आजाराचा रुग्ण त्याच्यासमोर आला. या आनुवंशिक आजारात यकृत आणि मेंदूत तांबं साचत जातं. वॉल्शच्या डोक्यात ती जुनी आठवण चमकली: गंधक, अमाइन (नायट्रोजनवाला गट) आणि आम्ल असे तिन्ही गट असलेला रेणू तांब्याला धरेल. औषध त्याने आधी स्वतः घेऊन पाहिलं. १९५६ मध्ये त्याचा लेख आला आणि जवळपास हमखास जीव घेणाऱ्या त्या आजारावर तोंडाने घेता येईल असं पहिलं औषध मिळालं.

वॉल्शला एवढी खात्री कशावरून वाटली असेल?

पेनिसिलामाइन म्हणजे आपल्या प्रथिनांत असतं त्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा सख्खा भाऊ. फरक एवढाच, की सिस्टीनमध्ये गंधकाशेजारच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतात आणि इथे त्यांच्या जागी दोन मिथाइल गट (एक कार्बन आणि त्यावर तीन हायड्रोजन). हे गट गंधकाला दोन्ही बाजूंनी आडोसा देतात, त्यामुळे शरीर सिस्टीनसारखं त्याला पटकन मोडून खात नाही. रेणूवर धातूला धरू शकतील अशा तीन जागा आहेत: गंधक, नायट्रोजन आणि कार्बोक्झिलिक गटातला ऑक्सिजन. एका जागेने धरलेला धातूचा आयन पाण्याच्या रेणूंच्या रेट्यात सुटून जाऊ शकतो. दोन जागांनी धरला तर तो सांडशीत धरलेल्या पातेल्यासारखा पक्का बसतो, कारण एक बाजू सैल झाली तरी दुसरी सोडत नाही आणि तेवढ्यात पहिली पुन्हा पकड घेते. अशा पकडीला रसायनशास्त्रात कीलेट म्हणतात. धातू, पकडणारे दोन अणू आणि त्यांना जोडणारे कार्बन मिळून पाच अणूंचं कडं तयार झालं तर ताण सगळ्यात कमी पडतो. पेनिसिलामाइनमध्ये गंधक आणि नायट्रोजन यांच्यामध्ये बरोबर दोन कार्बन आहेत. तांबं धरलं की कडं पाचाचंच होतं.

पण कुठला धातू कुठल्या अणूला पसंत करणार? रसायनतज्ज्ञ राल्फ पीअर्सन यांनी १९६३ मध्ये यासाठी एक ढोबळ पण फार कामाचा नियम मांडला. काही आयन लहान आणि जास्त भाराचे असतात, त्यांचे इलेक्ट्रॉन घट्ट आवळलेले असतात. त्यांना पीअर्सन ‘कठीण’ म्हणतात: कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, तीन भाराचं लोखंड. काही आयन मोठे आणि कमी भाराचे, त्यांचे इलेक्ट्रॉन सहज ओढले-ढकलले जातात. ते ‘मऊ’: पारा, चांदी, सोनं, कॅडमियम. कठीण कठिणाला धरतं, मऊ मऊला. ऑक्सिजन कठीण, गंधक मऊ. म्हणून कॅल्शियम कार्बोक्झिलिक गटाकडे जातो आणि पारा गंधकाकडे धाव घेतो. दोन भाराचं तांबं, निकेल, कोबाल्ट आणि जस्त ही कुंपणावरची मंडळी, परिस्थिती बघून दोन्हीकडे जातात. एक भाराचं तांबं मात्र स्पष्टपणे मऊ आहे.

तांब्याचं हे दुहेरी वागणं लक्षात असू द्या. पेनिसिलामाइन दोन भाराच्या तांब्याला भेटलं, की नुसतं पकडत नाही, त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन एक भाराचं करून टाकतं. त्या बदल्यात औषधाचे काही रेणू स्वतः कामी येतात: दोन रेणूंची गंधकं एकमेकांना जोडली जाऊन डायसल्फाइड तयार होतं. उरलेले रेणू तांबं वाटून घेतात. काचेच्या नळीत हे बघायला मजा येते. तांब्याच्या मिठाचं निळं पाणी आणि त्यात पेनिसिलामाइन टाकलं की योग्य प्रमाणात गडद जांभळा रंग उठतो, शाईसारखा.

तो जांभळा पदार्थ नक्की काय आहे, यावर बराच काळ नुसते तर्क होते. रासायनिक पृथक्करणाने तांबं किती, गंधक किती, नायट्रोजन किती हे कळतं. कुणी कुणाचा हात धरलाय हे त्यातून कळत नाही. एकाच प्रमाणात मांडता येतील अशा पंधरा रचना कागदावर काढता येतात आणि पंधराही पटण्यासारख्या वाटतात. इथे स्फटिक लागतो.

स्फटिक म्हणजे एकच रेणू, तिन्ही दिशांना, ठरलेल्या अंतराने, अब्जावधी वेळा मांडलेला. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढीच असते, त्यामुळे त्या मांडणीतून जाताना ते ठरावीक दिशांना उसळतात आणि शोधकावर ठिपक्यांचा नकाशा उमटतो. लाउए यांच्या १९१२ च्या प्रयोगातून हे कळलं. ब्रॅग पिता-पुत्रांनी पुढच्याच वर्षी साध्या मिठाची रचना काढून दाखवली. ठिपक्यांच्या जागांवरून मांडणीचं माप मिळतं, त्यांच्या कमी-जास्त तेजावरून कुठे किती इलेक्ट्रॉन आहेत हे. क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन, म्हणून २९ इलेक्ट्रॉनांचं तांबं आणि १६ चं गंधक ठसठशीत दिसतात, तर एका इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन जेमतेम. पेनिसिलिनच्या स्वतःच्या रचनेवरचा वादही असाच मिटला होता. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं, की त्यात चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे. अनेक नावाजलेल्या रसायनतज्ज्ञांना ते अशक्य वाटत होतं.

स्फटिक वाढवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अशास्त्रीय काम आहे, असं मी म्हटलं तर स्फटिकवाले रागावतील, पण मनातून मान्य करतील. द्रावण हळूहळू आटू द्यायचं. नाहीतर पाण्यातल्या द्रावणावर अल्कोहोलचा थर अलगद सोडायचा आणि दोन्ही एकमेकांत मुरेपर्यंत नळीला हात लावायचा नाही. घाई केली की पूड पडते. पुण्यात पाषाणला १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था. दोन्हीकडे एकेरी स्फटिकावर काम करणारी यंत्रं आहेत. पावसाळ्यात हवेत ओल असली की बाष्पीभवन रेंगाळतं आणि पीएचडीची पोरं नळ्यांकडे बघत बसतात.

नळीच्या तळाशी दाणे चमकले म्हणजे काम झालं असं नाही. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाणा ठेवून मंच फिरवायचा. एका पूर्ण फेरीत दाणा चार वेळा संपूर्ण काळा पडला आणि चार वेळा उजळला, तर तो एकसंध असण्याची शक्यता चांगली. एक कोपरा काळा आणि दुसरा उजळ राहिला, तर दोन दाणे एकमेकांत घुसलेले आहेत, टाकून द्या. निवडलेला दाणा मिलिमीटरच्या दशांशाएवढा. तो तेलाच्या थेंबात बुडवून नायलॉनच्या बारीक फासात उचलायचा आणि उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात धरायचा, म्हणजे अणूंची थरथर कमी होते. क्ष-किरण बऱ्याचदा मॉलिब्डेनमच्या नळीतून येतात, कधी तांब्याच्या. तांब्याचा शोध तांब्याच्या किरणांनी, असाही प्रकार चालतो. पूर्वी एका रचनेला महिने लागत, आता मोजणी काही तासांत उरकते.

१९७७ मध्ये बिर्कर आणि हान्स फ्रीमन यांनी त्या जांभळ्या पदार्थाची रचना प्रसिद्ध केली. स्फटिक मिळवण्यासाठी त्यांनी थॅलियम या धातूचं मीठ वापरलं होतं. हाती आलेलं चित्र कुणी कागदावर तर्काने काढलं असतं असं मला वाटत नाही.

शाळेतला घन डोळ्यांसमोर आणा: ८ कोपरे, ६ पृष्ठं, १२ कडा. बरोबर मध्यभागी क्लोराइडचा एक आयन. आठही कोपऱ्यांवर एक भाराचं तांबं. सहा पृष्ठांच्या बाहेर, प्रत्येकाच्या मध्यासमोर, दोन भाराचं तांबं. आणि बारा कडांवर एकेक गंधक, म्हणजे पेनिसिलामाइनचे बारा रेणू. आता प्रत्येक गंधक काय करतं पाहा. ते आपल्या कडेच्या दोन टोकांवरच्या तांब्यांना धरतं आणि शिवाय शेजारच्या एका पृष्ठावरच्या तांब्यालाही. एकूण तीन पकडी. कोपऱ्यावरच्या प्रत्येक तांब्याला तीन कडा मिळतात, म्हणून तीन गंधकं. आठ कोपरे गुणिले तीन म्हणजे चोवीस, बारा गंधकं गुणिले दोन टोकं म्हणजेही चोवीस. हिशेब जुळला. पृष्ठावरच्या प्रत्येक तांब्याला दोन रेणूंकडून दोन गंधकं आणि दोन नायट्रोजन मिळतात, तीच आधी सांगितलेली पाचाची कडी. सहा पृष्ठं गुणिले दोन रेणू, बारा. पुन्हा जुळला.

भारही मोजून बघा. कोपऱ्यांचे ८ धन, पृष्ठांचे १२ धन, मिळून २० धन. बारा पेनिसिलामाइन, प्रत्येकी २ ऋण (एक गंधकाचा, एक कार्बोक्झिलिक गटाचा), म्हणजे २४ ऋण. मध्यातल्या क्लोराइडचा १ ऋण. बाकी उरते ५ ऋण. स्फटिकात ती भरून काढायला थॅलियमचे एक भाराचे पाच आयन होते.

पीअर्सन यांचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो. मऊ, एक भाराचं तांबं फक्त गंधकांच्या घोळक्यात. कुंपणावरचं दोन भाराचं तांबं गंधक आणि नायट्रोजन दोन्हीकडे. आणि ऑक्सिजन? कार्बोक्झिलिक गट चौदाही तांब्यांपासून लांब, बाहेरच्या बाजूला उभे आहेत. आम्ल असूनही आम्लाच्या टोकाने तांबं धरलेलंच नाही. पण ते टोक बिनकामाचं नाही. त्याच्या ऋण भारामुळे एवढा मोठा धातूचा गोळा पाण्यात विरघळतो. गंधकाने धरायचं आणि आम्लाने पाण्यात न्यायचं, अशी कामाची वाटणी आहे.

हीच वाटणी सोन्याच्या बाबतीत पुन्हा भेटते. संधिवातावर सोन्याची इंजेक्शनं दिली जात, त्यातलं एक औषध सोडियम ऑरोथायोमॅलेट. मॅलिक आम्ल आपल्या सफरचंदातलं. त्यातल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक घातलं की थायोमॅलिक आम्ल होतं. फ्रान्समध्ये जाक फॉरेस्टिए यांनी १९२९ च्या सुमारास सोन्याचे क्षार संधिवातावर वापरायला सुरुवात केली आणि हे औषध पुढे कित्येक दशकं टोचलं गेलं. त्याची स्फटिकरचना मात्र रॉबर्ट बाउ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. सोनं-गंधक-सोनं-गंधक अशा साखळ्या आणि दोन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, डीएनएची आठवण यावी अशा. प्रत्येक सोन्याच्या अणूला दोन बाजूंनी दोन गंधकं. कार्बोक्झिलिक गट इथेही बाहेर, सोडियमशी बोलत. काही दशकं रुग्णांना दिलेल्या औषधाचा आकार इतक्या उशिरा कळतो, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. स्फटिक वाढत नव्हते, एवढंच त्यामागचं कारण.

सगळी गंधकवाली आम्लं अशी आम्लाचं टोक मोकळं ठेवत नाहीत. थायोडायॲसेटिक आम्लात मध्ये गंधक आणि दोन्ही बाजूंना एकेक कार्बोक्झिलिक गट. इथे गंधकावर हायड्रोजन नाही, त्यामुळे ते भार घेऊन आक्रमकपणे धरत नाही, जरा बेताने धरतं. निकेल किंवा कोबाल्टसारखा कुंपणावरचा धातू आला की दोन ऑक्सिजन आणि मधलं गंधक मिळून तीन बाजूंनी पकड घेतात, पाचाची दोन कडी होतात आणि धातूच्या उरलेल्या जागा पाणी किंवा दुसरा एखादा रेणू भरतो. गंमत त्याच्या ऑक्सिजनवाल्या भावंडाशी तुलना केल्यावर कळते. मध्ये गंधकाऐवजी ऑक्सिजन असलेलं आम्ल धातूभोवती बहुधा सपाट बसतं, तिन्ही पकडी एका प्रतलात. गंधकवालं बहुधा वाकून बसतं, तिन्ही पकडी धातूभोवतीच्या सहा जागांनी होणाऱ्या अष्टफलकाच्या एकाच पृष्ठावर. कारण साधं आहे: कार्बन-गंधक बंध सुमारे १.८ अँगस्ट्रॉम लांब, कार्बन-ऑक्सिजन १.४३, आणि गंधकापाशी बंधांचा कोन १०० अंशांच्या आसपास, ऑक्सिजनपाशी त्याहून मोठा. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्याच्याही अर्ध्याहून कमी फरकाने रेणूची बैठक बदलते. अशा रचनांचे लेख वाचताना मी आधी बंधांच्या लांबीचा तक्ता बघतो. तांबं-ऑक्सिजन १.९५ च्या आसपास आणि तांबं-गंधक २.३ च्या आसपास असेल तर पकड खरी. गंधक २.८ वर रेंगाळत असेल तर लेखक काहीही म्हणोत, ती ओझरती भेट आहे.

जगभरच्या अशा सेंद्रिय आणि धातू-सेंद्रिय रचना केंब्रिजच्या संग्रहात जमा होतात. तो १९६५ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडून गेला. नवा रेणू बनवण्याआधी तो आधीच कुणी केलाय का हे तिथे बघायचं असतं. पुष्कळदा केलेला असतो.

जांभळ्या घनाकडे परत यायचं तर एक सावधगिरी हवी. स्फटिकातली रचना म्हणजे त्या स्थायू पदार्थाची रचना. औषध घेतलेल्या मुलाच्या शरीरात तोच घन तयार होऊन लघवीतून जातो, असं स्फटिकावरून सिद्ध होत नाही. क्लोराइड शरीरात मुबलक आहे, त्यामुळे कल्पना आकर्षक आहे आणि फ्रीमन यांनी ती मांडलीही. पण रक्तात तांब्यावर हक्क सांगणारे अल्ब्युमिन या प्रथिनासारखे इतर दावेदार असतात, पेशीत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन असतं (तेही गंधकानेच धरतं, त्याच्या एका रेणूत सिस्टीनचे वीस घटक असतात), आणि औषधाचं प्रमाण नळीतल्यापेक्षा कितीतरी विरळ. स्फटिक सांगतो तो पकडीचा स्वभाव: कोण कुणाला, किती अंतरावर, किती हातांनी.

शिवाय हातही योग्य असावा लागतो. पेनिसिलामाइनचे डावा आणि उजवा असे दोन आरशातले अवतार आहेत. तांबं दोन्ही तितक्याच जोरात धरतात. पण औषधात चालतो फक्त डी-रूप, पेनिसिलिनमधून मिळतं तेच. एल-रूप ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. कुठला अवतार डावा आणि कुठला उजवा हे क्ष-किरणांनी थेट ठरवता येतं, हे १९५१ मध्ये बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारावर दाखवलं. डी-रूपही काही निरुपद्रवी नाही. त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी यांच्यावर त्याचे परिणाम होतात, म्हणून विल्सनच्या रुग्णांना आता पुष्कळदा ट्रायएंटीन (तांबं धरणारं दुसरं औषध) किंवा जस्ताचे क्षार देतात. जस्ताची युक्ती वेगळी आहे: ते आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन वाढवतं, अन्नातलं तांबं तिथल्या गंधकांत अडकतं आणि त्या पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर निघून जातं.